मिनिटाला दोन अंश

काही स्फटिकांचे तापमान बदलले की त्यांच्या समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवर विद्युतभार प्रकटतो. या गुणधर्माला पायरोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. व्याख्येतला ‘बदलले’ हा शब्द सगळ्यात वजनदार आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढून दुपारभर तिथेच थांबला, तर त्या तापात पडून असलेली बेरियम टायटनेटची टिकली ढिम्म राहते. थंडीतल्या पहाटे तीच टिकली बोटाने नुसती शिवली तरी मापकावरचा आकडा उसळतो.

बेरियम टायटनेटच्या स्फटिकात टायटॅनियमचा आयन भोवतीच्या ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात बरोबर मध्यावर बसलेला नसतो. तो किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे स्फटिकाच्या प्रत्येक घराला एक धन आणि एक ऋण टोक येते. अशा असंख्य घरांची बेरीज म्हणजे त्या पदार्थाचे स्वयंस्फूर्त ध्रुवण. तापमान स्थिर असताना हे ध्रुवण बाहेर दिसत नाही, कारण हवेतले आणि पदार्थातले सुटे भार पृष्ठभागावर येऊन ते झाकून टाकतात. तापमान वाढले की सरकलेला आयन मध्याकडे येऊ लागतो, ध्रुवण घटते आणि झाकायला आलेले भार जास्तीचे ठरतात. दोन्ही पृष्ठभाग तारेने जोडलेले असतील तर ते तारेतून वाहतात. थंड करताना हाच प्रवाह उलटा. एका अंशामागे ध्रुवण किती बदलले हा आकडा म्हणजे पायरोइलेक्ट्रिक गुणांक. स्फटिकांच्या ३२ वर्गांपैकी केवळ १० वर्गांत हा गुणधर्म संभवतो, आणि ते दहाही वर्ग पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबाने वीज देणारे असतात. ही दुसरी गोष्ट मोजणीच्या वेळी फार छळते, ते पुढे येईलच.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर अभिमानाने आणि थोडे स्वतःलाच हसत म्हणतात. या विषयापुरते त्यात अनपेक्षित तथ्य आहे. सिलोनहून डच व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात आणलेला टूर्मलीनचा खडा गरम झाला की राख ओढून घेतो, म्हणून त्याला ‘राखओढ्या’ अशा अर्थाचे डच नाव पडले होते. हा प्रकार विजेचा आहे आणि खड्याच्या दोन टोकांवर परस्परविरुद्ध भार येतात, हे १७५६ मध्ये एपिनुसने दाखवले ते बर्लिनमध्येच. ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’ हे नाव ब्रूस्टरने १८२४ मध्ये दिले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे विषय संग्रहालयातल्या खड्यांपुरता राहिला. १९२० मध्ये व्हालासेकला रोशेल सॉल्टमध्ये असे ध्रुवण सापडले की ज्याची दिशा बाहेरच्या विद्युतक्षेत्राने फिरवता येते. या फेरोइलेक्ट्रिक पदार्थांमुळे चित्र बदलले. टूर्मलीनची दिशा निसर्गाने ठरवून दिलेली असते, तर फेरोइलेक्ट्रिकची माणसाला ठरवता येते. म्हणून एकसंध मोठा स्फटिक वाढवण्याची गरज उरत नाही. पूड भाजून केलेल्या सिरॅमिकमध्ये लाखो कण अस्ताव्यस्त दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि एकमेकांना निष्प्रभ करतात, पण जोरदार विद्युतक्षेत्र लावले की त्यांपैकी बरेचसे एका बाजूला वळतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, जपान आणि रशिया या तिन्ही देशांत बेरियम टायटनेट स्वतंत्रपणे हाती लागले. १९५४ नंतर मात्र लेड झिर्कोनेट टायटनेटने, प्रयोगशाळेच्या बोलीत पीझेडटीने, बाजार काबीज केला. त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग शिसे असते. युरोपीय संघाचे विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले. भारतात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले, त्यांतही शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का. युरोपने सिरॅमिकमधल्या शिशाला सूट दिली, कारण तोडीस तोड पर्याय नव्हता. पर्यायाचा शोध हेच मग संशोधन झाले.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिसेमुक्त पदार्थ निवडण्याचे कारण ब्रुसेल्सपेक्षा जवळचे असते. लेड ऑक्साइड आठ-नऊशे अंशांच्या वर वाफ होऊन उडू लागते. पुण्यात संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत पीझेडटीसाठी वेगळे केंद्र आहे. तशा ठिकाणी धूर खेचणारी यंत्रणा असते. पदव्युत्तर वर्गाच्या खोलीत भट्टी, एक एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी एवढेच असेल, आणि खिडकीखाली मुले सायकली लावत असतील, तर शिशाचा विचार सोडून देणे हेच शहाणपण. तरी ‘शिसेमुक्त’ म्हणजे ‘निर्विष’ असा समज करून घेऊ नये. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरले गेले आहे. बिस्मथचा बराच भाग तर शिशाच्या शुद्धीकरणातूनच जोडउत्पादन म्हणून मिळतो. दारातून घालवलेले शिसे असे खिडकीतून डोकावते.

पर्यायांची तीन-चार घराणी आहेत. बेरियम टायटनेट सगळ्यात जुने आणि सगळ्यात सोशिक. पोटॅशियम सोडियम नायोबेट १९५९ पासून माहीत आहे, पण २००४ मध्ये जपानमधल्या टोयोटाशी संबंधित गटाने त्याचे गुणधर्म पीझेडटीच्या आसपास नेले तेव्हा त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. बिस्मथ सोडियम टायटनेट १९६० मध्ये रशियात स्मोलेन्स्कींच्या गटाने तयार केले. त्यात सहा टक्के बेरियम टायटनेट मिसळले की ते बरेच वठणीवर येते. चौथे म्हणजे बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम आणि झिर्कोनियम घालून केलेले मिश्रण, २००९ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झालेले. मराठवाड्यात बेरियम टायटनेट आणि त्याची भावंडे जास्त रुळली, याला एक साधे कारण आहे: कच्चा माल स्वस्त आणि चुका पोटात घालणारा. नायोबियम ऑक्साइडची छोटी बाटलीसुद्धा विभागाच्या वर्षभराच्या रसायनखर्चात उठून दिसते.

परभणीतली विज्ञान महाविद्यालये आधी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली होती, १९९४ पासून ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आली. क्ष-किरण विवर्तनासारखी मोठी यंत्रे अशा मोठ्या ठिकाणीच असतात. नमुने लहान प्लॅस्टिकच्या पुड्यांत, कंपासपेटीत बसतील एवढे. ते रेल्वेने किंवा एसटीने जातात, आणि आलेख परत येईपर्यंत हातातले काम थांबवायचे की पुढे रेटायचे हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. पण सिरॅमिक करण्याची रूढ पद्धत अशी आहे की तिला मोठी यंत्रे लागतच नाहीत. वजनकाटा, अगेटचा खल, भट्टी आणि हायड्रॉलिक प्रेस. वाटणे, भाजणे, थापणे, पुन्हा भाजणे. स्वयंपाकघरात वावरलेल्या विद्यार्थिनींचा हात यात लवकर बसतो असे काहींचे निरीक्षण आहे, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही.

वजनापासून हिशेब सुरू होतो. २० ग्रॅम बेरियम टायटनेट हवे असेल तर १६.९२५ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ६.८५० ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड. एकूण २३.७७५ ग्रॅम. जास्तीचे ३.७७५ ग्रॅम म्हणजे भट्टीत उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. मूस भाजण्याआधी आणि भाजल्यावर तोलली की अभिक्रिया पुरी झाली की नाही याचा अंदाज नांदेडला न जाताच येतो. ही फुकटची तपासणी फार थोडे लोक करतात. सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटे पावसाळ्यात वेगळाच खेळ करतात: काट्यावर ठेवलेली पूड डोळ्यांदेखत जड होत जाते, कारण ती हवेतले पाणी पिते. म्हणून ती ओव्हनमध्ये दोनशे अंशांना रात्रभर सुकवून गरम असतानाच तोलायची. श्रावणात केलेला आणि फेब्रुवारीत केलेला, एकाच सूत्राचा नमुना वेगळा निघतो, तेव्हा दोष बहुधा या पाण्याचा असतो.

खलात अॅसिटोन घालून पूड वाटायची. किती वेळ, याचे उत्तर पुस्तकांत चार-सहा तास असे असते. व्यवहारात मनगटाला कळ लागल्यावर दुसऱ्याच्या हाती बत्ता देईपर्यंत. मेमध्ये अॅसिटोन ओतता ओतता उडते आणि खल सारखा कोरडा पडतो. मग अकराशे अंशांच्या आसपास पहिली भाजणी, पुन्हा वाटण, चिकटपणासाठी दोन-तीन टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे, म्हणजे पीव्हीएचे, पाणी, आणि बारा मिलिमीटरच्या साच्यात दोन-तीन टनांचा दाब. दाब जास्त दिला की टिकली घट्ट होईल ही नवशिक्याची समजूत. साच्यातून बाहेर येताना अडकलेली हवा सुटते आणि टिकलीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा निघून येतो. दाब सावकाश चढवावा, मिनिटभर थांबावे, त्याहून सावकाश उतरवावा.

शेवटची भाजणी १३०० ते १३५० अंशांना. बिस्मथ सोडियम टायटनेटला अकराशे-साडेअकराशे पुरतात, पण बिस्मथ आणि सोडियम दोन्ही उडणारे. म्हणून टिकल्या त्याच पुडीत पुरून मूस झाकावी लागते. पीव्हीए आधी पाच-सहाशे अंशांना हळूहळू जळू द्यावा, नाहीतर भेगा. या पायरीवर माणसाच्या हाती काही नसते आणि महावितरणच्या हाती सगळे असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत, भारनियमन ऐन भरात असताना, भट्टीचे वेळापत्रक लाइट जाण्याच्या वेळापत्रकावरून आखले जाई आणि लांबलचक भाजण्या रात्री लावल्या जात. मध्येच वीज गेली तर नमुना लगेच वाया जात नाही; भट्टीच्या जाड विटा तासभर धग धरून ठेवतात. खरी अडचण नोंदीची. ‘चार तास’ लिहायचे की ‘दीड तास, खंड, मग अडीच तास’? दुसरे लिहिणारा प्रामाणिक, आणि पुढे त्याच नमुन्यातल्या विचित्र आकड्याचा उलगडा त्यालाच होतो.

भट्टीतून निघालेली टिकली बाराची साडेदहा मिलिमीटर झालेली असते. आकसणे हे चांगले लक्षण. पाण्यात तोलून घनता काढायची. बेरियम टायटनेटची आदर्श घनता घन सेंटिमीटरला ६.०२ ग्रॅम, तिच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचले की भरून पावले. टिचकी मारून येणारा आवाजही बरेच सांगतो: घट्ट टिकली खणखणते, भुसभुशीत टिकली मातीच्या खापरीसारखी बद्द वाजते.

दोन्ही बाजूंना चांदीचा लेप देऊन टिकली सिलिकॉन तेलात ठेवायची आणि तिला उच्च दाबाची वीज द्यायची. याला पोलिंग म्हणतात. एक मिलिमीटर जाडीला दोन-तीन हजार व्होल्ट, तेल ऐंशी-नव्वद अंशांना, अर्धा तास. मग वीज तशीच ठेवून तेल थंड करायचे. शुद्ध बिस्मथ सोडियम टायटनेटचे कण वळवायला मिलिमीटरला सात हजारांहून अधिक व्होल्ट लागतात, आणि तेवढ्यात टिकलीच्या कडेवरून ठिणगी उडून काळी रेघ उमटते. महिनाभराच्या कष्टांचा असा निकाल क्षणात लागतो. कडेला चांदी ओघळली नाही ना, तेलात ओल नाही ना, हे आधी पाहिले तर निम्म्या टिकल्या वाचतात.

मग मोजणी. १९७२ मध्ये बायर आणि राउंडी यांनी मांडलेली पद्धत आजही चालते: टिकली एकसारख्या वेगाने तापवा आणि निघणारा प्रवाह मोजा. प्रवाह म्हणजे गुणांक, क्षेत्रफळ आणि तापमानवाढीचा वेग यांचा गुणाकार. बेरियम टायटनेट सिरॅमिकचा गुणांक चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे २०० मायक्रोकूलोम्ब. टिकलीचा चांदीचा भाग दहा मिलिमीटर व्यासाचा. वेग मिनिटाला दोन अंश. उत्तर येते अर्ध्या नॅनोअँपिअरच्या जवळपास. साध्या मल्टिमीटरला हे दिसतही नाही, इलेक्ट्रोमीटर लागतो. आणि इलेक्ट्रोमीटरला सगळेच दिसते: हललेली केबल, जवळून गेलेला माणूस, पावसाळ्यातली दमट हवा. टिकली पिझोइलेक्ट्रिकही असल्यामुळे रस्त्यावरून ट्रक गेला तरी आलेखावर काटे उमटतात. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे तर तिला आपल्या आधी ऐकू येतो. त्या दिवशी मोजणी करू नये.

वेग दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट मिळेल, मग मिनिटाला दोनच अंश का? भट्टीचा तापमापक आणि टिकलीचा गाभा एकाच तापमानाला राहायला हवेत म्हणून. घाई केली की मापकावर ६० अंश दिसतात आणि टिकली ५६ वर असते. सगळा आलेख उजवीकडे सरकतो. तीस ते दीडशे अंश या प्रवासाला मिनिटाला दोनच्या चालीने तासभर लागतो. या तासात करण्यासारखे काहीही नसते. पंखा लावता येत नाही, दार उघडता येत नाही, आणि आकड्यांकडे पाहत बसण्याची सक्तीही नसते. तरी माणूस बसतो.

याच तासात सगळ्यात मोठी फसगतही होते. सिरॅमिकच्या कणांच्या सीमांवर आणि दोषांमध्ये अडकलेले भार, विशेषतः पोलिंगच्या वेळी घुसलेले, तापवताना सुटतात आणि त्यांचाही प्रवाह वाहतो. तो खऱ्या प्रवाहात मिसळून गुणांक फुगवतो. नवीन संशोधकाला पहिल्याच फेरीत पीझेडटीला, म्हणजे ३८० च्या आसपासच्या आकड्याला, मागे टाकणारे उत्तर मिळाले तर पेढे आणण्याआधी दोन कामे करावीत. टिकलीची दोन टोके आधी रात्रभर जोडून ठेवावीत आणि मोजणी तापवताना व थंड करताना अशी दोन्हीकडून घ्यावी. खरा पायरोइलेक्ट्रिक प्रवाह थंड करताना दिशा बदलतो आणि तितकाच भरतो. सुटलेल्या भारांचा प्रवाह दिशा बदलत नाही, तो आटत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जो उरतो तो आकडा आपला, उरलेला उधारीचा. मात्र थंड करण्याची फेरी मेमध्ये साधत नाही. खोलीच ३८ अंशांवर असते, त्यामुळे पन्नासच्या खाली टिकली मिनिटाला दोन अंशांनी उतरायला तयार होत नाही. चांगल्या मोजण्या दिवाळी ते होळी या काळात होतात.

आणखी एक सवय सोडावी लागते. बेरियम टायटनेटचे ध्रुवण १२० अंशांच्या सुमारास कोसळते, म्हणून तिथे प्रवाहाचे उंच शिखर येते. शोधनिबंधाच्या मथळ्यात हे शिखर चढवण्याचा मोह होतो. पण या पदार्थाचा संवेदक चालायचा असतो तीस-चाळीस अंशांना. शिवाय गुणांक मोठा म्हणजे पदार्थ चांगला, असेही नाही. संवेदकात त्या भाराचे व्होल्टेज व्हावे लागते, आणि पदार्थाची विद्युत्‌धारकता जास्त असेल तर भार तिच्यातच जिरतो. ही धारकता ठरवणारा परावैद्युत स्थिरांक बेरियम टायटनेटचा हजाराच्या वर, तर लिथियम टँटलेट या दुसऱ्या पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचा पन्नासच्या आत. दोघांचे गुणांक जवळपास सारखे असूनही व्होल्टेजच्या कसोटीवर लिथियम टँटलेट कित्येक पट सरस ठरते. भांडे रुंद असले की तेवढ्याच पाण्याची पातळी खाली राहते, तसाच हा प्रकार.

परभणीत हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात वीस अंशांचा फरक पडू शकतो; त्यातून वीज का काढू नये, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतोच. हिशेब असा: एक चौरस सेंटिमीटरची, मिलिमीटरभर जाडीची बेरियम टायटनेटची टिकली वीस अंशांत ०.४ मायक्रोकूलोम्ब भार देते. गळती शून्य धरली तरी साठवलेली ऊर्जा साधारण ६० मायक्रोज्यूल. एका वॅटचा दिवा तिच्यावर सेकंदाच्या सोळा हजाराव्या भागाइतका जळेल. प्रत्यक्षात बारा तासांच्या गळतीत तेही उरत नाही.

या गुणधर्माचा खरा उपयोग ओळखण्यासाठी आहे. माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यात असाच संवेदक असतो. शरीरातून निघणारे, दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण प्लॅस्टिकच्या भिंगातून उलट्या जोडलेल्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने पडतात. माणूस चालला तर फरक उमटतो, स्तब्ध उभा राहिला तर दिवा विझतो. मेमध्ये रात्री नऊलाही भिंती शरीराइतक्याच तापलेल्या असतात, तेव्हा माणूस आणि भिंत यांत संवेदकाला भेद दिसत नाही आणि दारात उभ्या पाहुण्याला अंधारात हात हलवावे लागतात. दोष पदार्थाचा नसतो.

पदार्थाची परीक्षा वेगळी. पत्र्याखाली उन्हात तापणाऱ्या डबीत बसवलेला संवेदक हवेपेक्षा बराच गरम होतो. कॅल्शियम-झिर्कोनियम मिश्रणाचे ध्रुवण नव्वद अंशांच्या आसपास संपते, त्यामुळे गुणांक मोठा असूनही त्याच्यावर विसंबता येत नाही. बेरियम मिसळलेले बिस्मथ सोडियम टायटनेट शंभराच्या पुढे टिकते, पण एकदा ती हद्द ओलांडली की थंड झाल्यावरही ध्रुवण परत येत नाही, पोलिंग पुन्हा करावे लागते. शुद्ध बेरियम टायटनेटची अडचण दुसऱ्या टोकाला आहे: पाच अंशांच्या सुमारास त्याची स्फटिकरचना बदलते, आणि परभणीत कडाक्याच्या थंडीत पारा तिथवर उतरतो. त्या दिवसांत गुणांक अचानक उडी घेतो. सोडियम-पोटॅशियमचे नायोबेट या दोन्ही टोकांना तग धरते, पण भाजताना हवे तसे घट्ट होत नाही.

पोलिंग केलेली टिकली हळूहळू म्हातारीही होते. वळवलेले काही कण आपल्या जुन्या दिशेकडे परततात आणि गुणांक पहिल्या काही दिवसांत भराभर, मग सावकाश उतरतो. म्हणून मोजलेली टिकली अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, दोन्ही पृष्ठभाग जोडलेले राहतील अशा रीतीने डबीत ठेवतात. डबीवर सूत्र, भाजणीचे तापमान, पोलिंगची तारीख आणि त्या दिवशीचे खोलीचे तापमान. सहा महिन्यांनी, म्हणजे दुसऱ्या ऋतूत, ती पुन्हा मोजायला काढतात.